‘दुखत नाय फारसं’

बोट गेलं शुक्रवारी, २२ एप्रिल २०२२ रोजी, सकाळी सहाच्या सुमारास. मामांच्या उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलमधले फोटो आणि मेसेज मागे मागे सरकवत होतो. प्रत्येकाखाली वेळ असते. मी पुण्यात मुद्रितशोधनाची कामं करतो, दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका हुडकणं हा माझा पोटाचा धंदा. त्या पहाटे जो मजकूर हातात होता त्यातली एक ठळक चूक माझीच निघाली. पण ती छप्पन्न तासांवर. गोष्ट सुरू झाली त्याच्या बरीच आधी.

१३८ तास आधी. शनिवार, १६ एप्रिल, दुपारी बारा

जोतिबाची चैत्र यात्रा. कोरोनात दोन वर्षं डोंगर सुना होता, त्यामुळे यंदा वाडी रत्नागिरीला पाय ठेवायला जागा नाही. सासनकाठ्या नाचतायत, गुलाल-खोबरं उधळलं जातंय. मामींना आदल्या वर्षी ऑक्सिजन लावावा लागला होता, तेव्हा मामांनी नवस बोलला होता: वाचली तर अनवाणी येईन. पायथ्यालाच चपला टेम्पोत ठेवून मामा वर चढले.

मामेभावाच्या बायकोनं चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. भर दुपारची दर्शनाची रांग, तापलेली फरशी. पुढचे-मागचे सगळे तव्यावरच्या लाह्यांसारखे उडतायत, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मधे मामा, हात जोडून, खांबासारखे उभे. खाली तिनं लिहिलं होतं, ‘आप्पांची भक्ती बघा.’ मीही नमस्काराचे दोन हात चिकटवून मोकळा झालो.

मामांना साखर होऊन चौदा वर्षं झाली होती. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म उभ्यानं गेला, त्यामुळे पायांच्या तक्रारीकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. दोनेक वर्षांपूर्वी ते म्हणाले होते, ‘चालताना गादीवर पाय पडल्यागत वाटतंय.’ आम्ही हसलो होतो. गादीवर चालायला मिळतंय, नशीबवान आहात! रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा मरायला लागतात, आणि सगळ्यात लांबच्या आधी, म्हणजे पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या. आधी मुंग्या, मग रात्रीची आग, मग काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ आलं की माणूस म्हणतो, बरं वाटतंय आता.

त्या व्हिडिओतल्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण फरशीचा चटका मामांच्या डोक्यापर्यंत पोचलाच नव्हता.

१०४ तास आधी. रविवार, रात्री दहा

उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली, तळव्याच्या बाजूनं, बोराएवढा फोड. तोही मामींना दिसला, कारण अंथरुणाला ओल लागली. मामांनी सुई मेणबत्तीवर धरली, फोड फोडला, वर हळद आणि खोबरेल. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय आणि बहुतेकदा जखमा बऱ्याही झाल्यात, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ज्यांचे पाय जागे असतात त्यांच्या.

पायाला यात्रेचा गुलाल होताच. दोनदा धुऊनही नखांच्या कडांत, बोटांच्या बेचक्यांत, भेगांत गुलाबी उरला होता. वर हळदीचा पिवळा. त्या पायाचा खरा रंग पुढचे तीन दिवस कुणाला दिसला नाही.

७० तास आधी. मंगळवार, सकाळी आठ

बोट भरून आलं. मामी म्हणाल्या, वेलची केळ्यासारखं झालंय. अगदी नेमकं वर्णन. बुडापासून टोकापर्यंत सारखं फुगलेलं बोट डॉक्टर वेगळं ओळखतात. सोरायसिसच्या सांधेदुखीत ते तसं होतं, आणि मधुमेह्याच्या पायाला जखम असताना झालं तर आतलं हाड धरलं गेलं असावं, अशी शंका घेतात. चप्पल चढेना. मामांनी चपलेचा पट्टा ब्लेडनं कापला आणि दूध घालायला डेअरीवर गेले. लंगडत नव्हते. बोट सुजलेला माणूस सरळ चालतोय, याचं डेअरीवरच्या कुणालाही नवल वाटलं नाही.

६१ तास आधी. मंगळवार, संध्याकाळी पाच

गावातले डॉक्टर. दवाखान्यात गर्दी, लाइट गेलेली. त्यांनी मोबाइलच्या उजेडात पाय वरून बघितला. पायाचं बोट, लाल, सुजलेलं, गरम, पुरुष, वय एकसष्ट: युरिक अॅसिड. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, ७.४. झालं शिक्कामोर्तब. कोल्चिसिन आणि एक जोरदार वेदनाशामक.

या डॉक्टरांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि पहिल्या रात्री आम्ही घातल्याही. पण त्यांचा तर्क आकाशातून पडलेला नव्हता. पायाचं बोट एकाएकी सुजून लाल झालं तर दहातल्या कित्येक वेळा ते गाऊटच असतं. ज्याला आपल्याकडे वातरक्त म्हणत आले. चुकलं ते तीन ठिकाणी. एक, गाऊटचा लाडका सांधा अंगठ्याच्या बुडाशी असतो, शेजारच्या बोटात तो सहसा पहिल्यांदा उतरत नाही. दोन, रक्तातलं युरिक अॅसिड सातच्या पुढं असलेली कितीतरी माणसं जन्मभर गाऊटशिवाय जगतात, आणि ऐन झटक्यात तो आकडा नॉर्मलही येऊ शकतो. त्यामुळे आकड्यावरून ना धड हो म्हणता येतं ना नाही. खात्री करायची तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले सुईसारखे स्फटिक बघावे लागतात. खेड्यात कोण बघतो? आणि तीन, पाय उचलून खालून बघितला नाही. जखम खाली होती.

वेदनाशामकानं आपलं काम चोख केलं. त्या रात्री अंगात ताप भरायचा होता, तो दबला.

५६ तास आधी. मंगळवार, रात्री दहा

माझ्या मोबाइलवर फोटो. पिवळट बल्बखाली, वरून काढलेला, थोडा हललेला. सोबत मामांचा मेसेज: ‘बोट सुजलय. डाकटर युरीक अॅसीड म्हनत्यात. दुखत नाय फारसं.’

आता माझं. मला स्वतःला गाऊट आहे. पहिला झटका आला तेव्हा मी जेवून, मटणाचा रस्सा आणि दोन पेग रिचवून, धडधाकट झोपलो होतो. रात्री दोन-अडीचला अंगठ्याच्या बुडाशी कुणीतरी पक्कड लावून पिळतंय, अशी जाग आली. चादरीचा स्पर्श सहन होईना. बायको खोलीत चालली तर फरशीची थरथर अंगठ्याला कळत होती. थॉमस सिडनहॅम नावाच्या इंग्रज वैद्यानं १६८३ साली या दुखण्यावर पुस्तक लिहिलं, तो स्वतः त्याचा जुना गिऱ्हाईक. त्यानंही हेच लिहून ठेवलंय: रात्री दोनच्या सुमाराची जाग, पांघरुणाचं न सोसणारं वजन, खोलीत कुणी चाललं तरी होणारे हाल. तीनशे-चारशे वर्षांत गाऊटनं आपली सही बदललेली नाही.

आणि ती सही ठाऊक असलेला मी, समोर ‘दुखत नाय फारसं’ वाचून, उत्तर काय दिलं? ‘गाऊटच. मलाही होतं. डाळी आणि मटण बंद, पाणी भरपूर, बर्फ लावा.’ पुढं हसरा चेहरा. १०.०४.

दुखत नाही असा गाऊटचा पहिला झटका असतो का? मला त्या क्षणी हा प्रश्न पडायला हवा होता. ‘म्हनत्यात’मधला न मला खटकला, तेवढं आठवतंय.

बर्फाचं तर बोलायलाच नको. ज्या पायाला चटका कळला नाही त्याला गारठा तरी कुठून कळणार? मामींनी फ्रीजमधला ट्रे फडक्यात गुंडाळून तासभर बांधून ठेवला. रक्तपुरवठा आधीच जेमतेम, त्यात बर्फानं बारक्या रक्तवाहिन्या आणखी आवळल्या. भाच्यानं पुण्याहून सांगितलं होतं ना.

३५ तास आधी. बुधवार, संध्याकाळी सात

लाली पावलावर चढली. मामी खोबरेल लावून गुलाल काढायला बसल्या. नखांतला निघाला, बेचक्यांतला निघाला, आणि पावलावरचा मात्र निघेना. चोळून चोळून फडकं पांढरं राहायला लागलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा रंग आतला आहे.

घोट्याच्या वर एक लाल रेघ. जांघेत अवधाण आलेलं, ते मात्र दुखत होतं. जांघेकडच्या नसा मेल्या नव्हत्या, त्यामुळे पायाची पहिली खबर जांघेतून आली. मामा म्हणाले, ‘जांघ दुखतीया, बोट न्हाई. म्हंजे बोट बरं हाय.’ थंडी वाजून आली. जेवले नाहीत, आणि जेवले नाहीत म्हणून साखरेची गोळीही टाळली. हा नियम फार घरांत पाळतात. अंगात इन्फेक्शन असलं की उपाशीपोटीसुद्धा साखर चढत जाते, हे मलाही नंतर कळलं. साखर मोजायचं यंत्र कपाटात होतं. पट्ट्या संपून दिवाळी झाली होती.

२२ तास आधी. गुरुवार, सकाळी आठ

मामींना पहाटेपासून वास येत होता. त्यांनी कणगीमागं, फळीवर, देव्हाऱ्याखाली सगळीकडं उंदीर मेलाय का बघितलं. घर झाडून काढलं. मग चहा द्यायला मामांजवळ वाकल्या.

बोटाचं टोक निळसर. मामेभावानं फोटो पाठवला. आता दिवसाउजेडी, आणि पहिल्यांदाच खालून. मी तो फोटो ऑफिसच्या शेजारच्या एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, ‘गाडी कुणाकडं आहे?’

१८ तास आधी. गुरुवार, दुपारी बारा

जिल्ह्याच्या गावातलं हॉस्पिटल. सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले, मग हाताच्या पाठीनं दोन्हींची ऊब. बोटांच्या बेचक्या फाकवल्या. नखांच्या कडा बघितल्या, कारण सुजलेल्या बोटामागं कधी नुसतं आत रुतलेलं नखही असतं. पाटाला ठेचकाळला होता का, विचारलं. बारकं हाड मोडलं तरी बोट असंच दिसतं. सोरायसिस? नाही. मग पावलावरची आणि घोट्यामागची नाडी. लागत होती, बारीक.

नंतर त्यांनी एक नायलॉनचा दोरा काढला. तो बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. मामांना डोळे मिटायला सांगून ते तळव्याला ठिकठिकाणी टेकवत गेले, ‘लागलं की हो म्हणा.’ मामा डोळे मिटून वाट बघत राहिले. दोरा सगळीकडं फिरून डबीत परत गेला तेव्हा मामा म्हणाले, ‘करा की सुरू.’

मग स्टीलची बोथट सळई. ती जखमेतून हळू आत सरकवली, आणि टक् असं कडक काहीतरी लागलं. हाड. या एका ‘टक्’वर सर्जन मंडळींचा फार विश्वास असतो, एक्स-रेपेक्षा जास्त. हाडाला लागलेली कीड एक्स-रेत दिसायला दोनेक आठवडे जातात. तोवर फिल्म स्वच्छ येते आणि माणसं पेढे वाटतात. मामांच्या एक्स-रेतही हाड ठीकच दिसत होतं. पण भोवतीच्या मांसात बारके काळे बुडबुडे होते. जंतूंनी केलेला वायू.

रक्तातली साखर ४३८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा ११.२, सातच्या आसपास हवा. पांढऱ्या पेशी एकवीस हजार. लघवीत कीटोन. मूत्रपिंडाचा क्रिएटिनिन वाढलेला, त्यात त्या वेदनाशामकाचा हात असणारच. दंडाचं आणि घोट्याचं ब्लडप्रेशर ताडून रक्तपुरवठा बघतात, पण जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या चुना धरून पाइपासारख्या ताठ होतात आणि आकडा खोटाच छान येतो. म्हणून डॉपलर. मोठ्या वाहिन्या चालू होत्या. बोटाकडं जाणाऱ्या बारक्या वाहिन्या पुवानं गुठळ्या होऊन बुजल्या होत्या.

‘पाय वाचेल,’ सर्जन म्हणाले. मामेभावानं हायसं वाटून फोन लावला आणि मग त्याला कळलं की वाक्यात बोट नव्हतं.

१४ तास आधी. गुरुवार, दुपारी चार

बोट काढायच्या आधी साखर खाली यायला हवी होती, म्हणून सलाइन, इन्सुलिन, दोन-तीन अँटिबायोटिक शिरेतून. पण पू थांबायला तयार नव्हता. पायाच्या मांसात तो स्नायूंच्या कंडऱ्यांच्या वाटेनं घोट्याकडं पळतो. म्हणून ड्रेसिंगच्या खोलीतच चीर द्यायचं ठरलं. भुलीचं इंजेक्शन भरून ठेवलं होतं, ते लागलंच नाही.

मामेभाऊ आत उभा होता. त्याच्याकडून ऐकलंय. डॉक्टर पाऊल कापतायत, पू वाहतोय, आणि मामा त्यांना सांगतायत की पूर्वी तिकिटांचा ट्रे आणि पंच असायचा, मशीन नव्हतं, आणि शनिवारच्या बाजाराला अठ्ठावन्न सीटच्या गाडीत शंभर भरायची तरी एक माणूस फुकट जाऊ द्यायचो नाही. कापून झालं तरी गोष्ट चालू होती. नर्स बाहेर येऊन रडली.

पॉल ब्रँड नावाच्या सर्जनची मला त्यावरून आठवण झाली. तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा इंग्रज १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला आणि महारोग्यांचे हातपाय दुरुस्त करायला लागला. तोवर समज असा, की या रोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँडनं बघितलं, झडत नाहीत. माणसं गरम पातेलं धरतात, खिळ्यावरून चालतात, आणि कळत नाही म्हणून तसंच चालत राहतात. काहींची बोटं तर रात्रीत गायब व्हायची. पहारा ठेवला तेव्हा दिसलं, झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडतोय आणि माणूस घोरतोय. मग रुग्णांना घरी जाताना मांजर द्यायला लागले. पुढं अमेरिकेत लुइझियानाच्या कार्व्हिलला गेल्यावर त्याला मधुमेह्यांच्या पायांत तेच दिसलं.

मामींनी त्या सकाळी घरभर उंदीर शोधला होता.

१० तास आधी. गुरुवार, रात्री आठ

संमतीचा कागद. फोनवर सात माणसं. एकाला मिरजेचा एक वैद्य माहीत, जो कापायला लागू देत नाही. एकाचं म्हणणं, आधी बोट मग पाऊल मग गुडघा, यांचं असंच असतं, मीटर चालू. थोरल्या मावशीनं विचारलं, ‘एवढ्याशा फोडासाठी?’ कुणीच मूर्ख नव्हतं, प्रत्येकाजवळ एकेक खरी गोष्ट होती, दुसऱ्या कुणाच्या तरी पायाची.

दोन तास गेले. शेवटी मामांनीच कागद ओढून घेतला. ‘सुट्ट्या पैशासाठी गाडी थांबवायची नसती,’ म्हणाले आणि सही केली.

४ तास आधी. शुक्रवार, पहाटे दोन

मी पोचलो. बोट काळं होतं, सुकल्या लसणाच्या पाकळीसारखं टोकाशी आवळलेलं. साखर २१०. मामा जागे. ‘कशाला आलास लेका, दुखत न्हाई काय.’ मी दोन वाजल्याचं घड्याळ बघितलं आणि माझा तो गाऊटचा दोन वाजताचा अंगठा आठवला. मी त्या रात्री ओरडून बिल्डिंग उठवली होती. सकाळी आठला दवाखान्यात हजर.

बर्फाबद्दल मला सांगायचं होतं. सांगितलं नाही.

शून्य. शुक्रवार, २२ एप्रिल, सकाळी सहा

दुसरं बोट, आणि त्यामागच्या पावलातल्या लांब हाडाचं टोक. पंचवीस मिनिटं. जखम शिवली नाही, उघडी ठेवली. असल्या जखमेला टाके घातले तर आत पुन्हा पू कोंडतो. ती तळातून भरून यायला दोन-तीन महिने लागणार होते. तोवर त्या पायावर भार नाही. नंतर मऊ रबराची चप्पल, एमसीआर म्हणतात ती. तिचं मूळ वेल्लोरलाच. आणि रोज रात्री आरशात दोन्ही तळवे.

साडेनऊच्या सुमाराला मामा नीट शुद्धीवर आले. पाय पांढऱ्या बँडेजात, उशीवर. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. बोटं हलवून बघितली असावीत, कारण बँडेज जरासं हललं. मग माझ्याकडं बघून विचारलं,

‘कुठलं उतरलं रं?’

मी सांगितलं, अंगठ्याशेजारचं. त्यांनी मान हलवली, नोंद करून घेतल्यासारखी.

मामी खाटेच्या दुसऱ्या बाजूला सरकल्या. चादर वर केली. डाव्या पायाच्या बेचक्यांत यात्रेचा गुलाल अजून होता. त्यांनी पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि एकेक बोट फाकवून पुसायला सुरुवात केली. गुलाल निघत होता, खालून कातडीचा रंग येत होता.